जांभई

डभोईहून आलेली कैलास पढियार.
कुशीवरून उताणी झाली
तशी नाडी शहाण्णववरून एकशेअठरा.
मनात नोंद केली : हिचं प्रेशर पडणार.

दांडिया बाजारातला दुसरा मजला,
खाली वरातीचा बँड.
पाठीत सुई, पंचवीस नंबरची.
काचेसारखा थेंब आला, औषध गेलं.
उजव्या कुल्ल्याखाली दुमडलेली चादर,
पोटातल्या तीन किलोंनी
आईचीच शीर दाबू नये म्हणून.
पंपावर फिनाइलेफ्रिन. आधीच सुरू.

"पग गरम थया," ती म्हणाली.
मग जांभई दिली.

मशीन अजून एकशेबावीसवर.
पट्टा मिनिटाने फुगतो,
जांभई तेवढं थांबत नाही.
पंप वाढवला. सिस्टर मॅकवाननी
न विचारता सलाइन मोकळं सोडलं.
एकशेदहा.
एकशेआठ.
एकशेआठ.

नवा होतो तेव्हा एक जण म्हणाली होती,
"जीव गभराय छे."
मी आकड्याची वाट पाहत राहिलो.
आकडा आला, सत्तर.
वाचल्या दोघी. पण तिचे राखाडी ओठ
अजून कधीकधी चहाच्या कपाशी दिसतात.

मुलगी झाली, ठणठणीत रडली.
बँड नेमका तेव्हाच थांबला होता.
कागदावर लिहिलं : विशेष काही नाही.
न घडलेल्याला रकाना नसतो.

टाके घालता घालता
कैलासनं पुन्हा जांभई दिली.
ही झोपेची होती.

तरी मी आकडा पाहिला.