फर्मा

रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवर चिठ्ठी होती : फायकस.
एवढंच.
जसं पाकिटावर कुणी नुसतं सोलापूर लिहावं
आणि पोस्टमननं हिंडावं
अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत.

पहिल्या आठवड्यात मी ती तीनदा हलवली :
गॅलरी, मग मोरीजवळ, मग शिलाई मशीनच्या बाजूला.
तिसऱ्या जागी पानं गळायला लागली,
हिरवीच, न पिकता.
नळाच्या दिवशी पाणी घातलं, म्हणजे पाचव्या दिवशी,
आणि अपराधी वाटून अधेमधेही,
पिण्याच्या घागरीतलं.

खालच्या खोलीतल्या राजव्वा मेर्गू वर आल्या.
बेचाळीस वर्षं विड्या वळल्यात त्यांनी.
कुंडीकडे बघितलंच नाही आधी.
फरशीवरचं एक पान उचललं,
कडेवरून अंगठा फिरवला,
फर्मा ठेवण्याआधी विडीच्या पानावर फिरवतात तसा.
"पाणी जास्ती झालंय. आणि जागा बदलू नको सारखी.
लग्नानंतर मीपण महिनाभर जेवले नव्हते."

मग देठ मोडून दूध दाखवलं, पांढरं, चिकट.
जिथून पान गळालं तिथं फांदीभोवती गोल वळ :
"बांगडी काढल्यावर मनगटाला राहतो, तसा.
ह्या सगळ्या जातीला असतो."
त्यांनी मनगट पुढं केलं नाही,
मीही बघितलं नाही.
"मर्री, रावी, मेडी, जुव्वी. चुलत बहिणी."
वड, पिंपळ, उंबर, मी मोजत गेले,
जुव्वीपाशी अडले.
समोरच्या गॅलरीतून बसवंत हिरेमठ म्हणाले, "बसरी!"
त्यावर दोघांचं अर्धा तास भांडण,
तेलुगूत एक, कन्नडमध्ये एक,
मध्ये मी, मराठीतली पायर घेऊन.

आमची फायकस ह्यातली कुणीच नव्हती.
"ही परदेशची," राजव्वा म्हणाल्या, "पण दूध आहे."

खरा प्रश्न दुसराच होता.
संडासाच्या पाइपालगत, भिंतीच्या चिरेत,
कुठल्या पाखरानं टाकलेलं, बोटभर.
घरमालकानं दोनदा ॲसिड ओतलं होतं.
मी स्क्रू ड्रायव्हरनं चीर उकरून काढलं.
अर्धं मूळ भिंतीतच राहिलं.
रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं,
तळाला खिळ्यानं पाच भोकं पाडून.

सात पानं आली, आणि सातही बोलेनात.
टोक पिंपळाइतकं लांब नाही,
वडासारखं बोथट नाही,
देठ मात्र लांब, वाऱ्याशिवाय हलणारा.
राजव्वांनी घरून फर्मा आणला,
कडा झिजलेला, पत्र्याचा,
आणि पानावर ठेवला, गंमत म्हणून.
पान चारी बाजूंनी बाहेर.
"छाट," त्या म्हणाल्या. कारखान्यात
नाकारलेल्या विडीला म्हणतात तो शब्द.
हसल्या, आणि ते हसू खोकल्यात गेलं,
खूप वेळ परत आलं नाही.

माघ संपता संपता बादलीतली सगळी पानं झडली.
उरली एक काडी, वळांवर वळ.
तोवर राजव्वा सिव्हिलला होत्या,
छातीच्या वॉर्डात, खिडकीपासून तिसऱ्या.
बादली मी हलवली नाही. एवढं शिकले होते.
शेजारीण म्हणाली, टाक ती, डास होतात.

पंधराव्या दिवशी काडीच्या टोकाला
तांब्याचे तीन थेंब.
दुपारपर्यंत पानं झाली,
ओल्या तांबूस रंगाची, इतकी पातळ
की पलीकडची कपड्यांची दोरी दिसावी.
पायरच. आता शंका नव्हती.
बसरी. जुव्वी.

एक खुडून रुमालात घेतलं,
सातरस्त्याला रिक्षा बदलून गेले.
त्यांनी डोळे उघडले नाहीत.
अंगठा फिरवला, कडेवरून टोकापर्यंत,
टोकाशी थांबल्या.
मी नाव सांगणार होते.
"कोवळं आहे," म्हणाल्या,
"आत्ताच काही सांगता येत नाही."

बोटाला दूध लागलं होतं.
नर्सनं पुसायला कापूस दिला,
तो त्यांनी उशाशी ठेवून दिला.