नॉक अप

ओल्डहॅमच्या गल्लीत, गिरणीचा भोंगा वाजायच्या आत
हेप्झिबा क्लेग लांब काठीनं
माडीवरच्या काचांवर टकटक करायची.
आठवड्याला दोन पेन्स.
दाराशेजारच्या पाटीवर खडूनं वेळ : साडेचार.
ह्याला म्हणत नॉक अप.

घरी आली की पाय पसरून तीच म्हणे,
"बाई गं, पुरती नॉक्ड अप झाले!"
मग शिळ्या बटाट्यांचं काहीबाही
उभ्या उभ्या करून टाकायची.
तेही नॉक अपच.

नात झिला ओहायोला गेली.
पहिल्याच रात्री घरमालकाला म्हणाली,
"पहाटे मला नॉक अप कराल ना?"
त्याच्या बायकोच्या हातून बशी निसटली.

झिलाच्याही आधी, कुठल्याशा बोटीवर,
समुद्र ओलांडता ओलांडता
शब्दाला दिवस गेले होते.