तांबं

आधी चप्पल सुटायची.
सितारमेकर गल्लीच्या तोंडाशी एक चप्पल मागे
आणि ती चार पावलं तशीच पुढे.
पोरं हसायची. तीही हसायची.
"पायाला कळलंच नाही," म्हणायची,
जसा पाय म्हणजे कुणी भिंतीपलीकडची शेजारीण.

मग एका पहाटे तोंड धुताना पडली.
साबण जाऊ नये म्हणून डोळे मिटले, एवढंच.
मोरीत बसलेली रुकय्या, गालावर फेस,
मला विचारत होती,
जमीन कुणी काढली?

मिरजेत डॉक्टर म्हणजे हाक मारावी तेवढे.
एकानं मणका सांगितला, एकानं वय,
एकानं बी-बाराची लाल इंजेक्शनं, दिवसाआड.
रंग बघा, डाळिंबासारखा, कंपाउंडर म्हणायचा.
रंग छान होता.

आरगे बाईंनी तिला नुसतं उभं केलं, म्हणाल्या, मिटा डोळे.
आणि वारा नसताना
माझ्या बायकोचं अख्खं झाड हललं.
रक्त मुंबईला गेलं. नऊ दिवस.
तेवढ्यात मी एका तंबोऱ्याची जवारी
तीनदा लावली, तीनदा बिघडवली.

कागद आला. अंगात तांबं नाही.
मी हसलोच, खोटं कशाला सांगू.
माझ्या पाटावर तांब्याच्या तारेची रिळं,
नखांत हिरवं कीट,
माळ्यावर तिच्या माहेरचा हंडा पालथा,
आणि हिच्या रक्तात चिमूटभर नाही!

बाईंनी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू?
कुठल्याच नाहीत, ती म्हणाली.
एक झिंकची आहे, मी म्हणालो. ताकदीची.
किती दिवस?
थोरला भाऊ त्या साथीत गेला ना,
त्याच्या चाळिसाव्यापासून.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

झिंक फार झालं की तांब्याला आत येऊ देत नाही.
कुणालाच हे माहीत नसतं, त्या म्हणाल्या.
बऱ्या मनानं म्हणाल्या.

चार वर्षं.
मीच आणायचो, चौकातल्या मेडिकलमधून, दोन-दोन पट्ट्या,
उधारीच्या वहीत आधी त्या, मग बाकीचं.
मीच रात्री पेला घेऊन उभा.
तिच्या घशाखाली उतरायची नाही,
गालात दाबून ठेवायची.
मी म्हणायचो, जीभ दाखव.

जवारीचं काम अर्ध्या केसाचं.
कानस एकदा जास्त फिरली की हाड गेलं,
नवं बसवावं लागतं.
शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगत आलो,
कमी घास. थांब. ऐक.
घरचं काय सांगू.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, तांब्यातलं पाणी द्या.
हंडा उतरवला, चिंचेनं घासला,
इतका की त्यात माझं तोंड दिसायला लागलं.
ठेवा हवं तर, बाई म्हणाल्या, पण गोळी चुकवू नका.
रक्त सुधारेल लवकर.
पायांचं मी बोलत नाही.

तिनं मला एक शब्द लावला नाही.
एकदाच, भाकरी उलटताना, तव्याकडे बघत,
"भाऊजी गेल्यावर तुम्ही फार भ्याला होता."
मी तारा आवळायला निघून गेलो.
त्या दिवशी गिऱ्हाईकच नव्हतं.

आता वजूच्या वेळी मी मागे उभा असतो,
पाठीवरचा पदर मुठीत धरून,
पेचात आलेली तार धरावी तसा.
ती तोंडावर पाणी घेते, डोळे मिटते
आणि डावीकडे जायला लागते.
मी लगेच ओढत नाही.
बहुतेकदा येते परत.
येत नाही तेव्हा ओढतो.

रात्री गोळी. ही तांब्याची.
पेला मी कट्ट्यावर ठेवतो नि वळतो,
उभा राहत नाही.
काल मागून आवाज आला,
"बघायची नाही का?"
वळलो तर
दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून रुकय्या,
ही एवढी
जीभ बाहेर काढून.