लिटरला चार

एकेचाळीस जुन्या गाड्या, देवास नाका.
आडव्या अक्षावर वजन, उभ्यावर अ‍ॅव्हरेज.
ठिपके उतरत जातात डावीकडून उजवीकडे,
सहसंबंध उणे शून्य पॉइंट सात एक.
जड गाडी जास्त पिते,
हे नाक्यावरचा पंक्चरवालाही सांगेल.
मी दशांशात सांगते, म्हणून पगार.

एकच ठिपका पार खाली, डाव्या कोपऱ्यात:
पिटुकली गाडी, लिटरला चार.
"एन्ट्री चुकली असेल. उडव," इक्बालभाई म्हणतात,
"रेघ सुधरेल."

मी गाडीच उघडते.
खणात पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा,
खडीसाखरेची डबी,
आणि एक वही. सुहासिनी रेटरेकर, रामबाग.
'पाच ते पावणेसहा. तोडी.
काचा वर, एसी चालू.
घरात कोणी उठलं नाही.'
पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर
तेच, फक्त ललत.

नऊ वर्षं
गाडी जागेवरून हलली नाही फारशी,
आणि रोज पहाटे कुठे कुठे जाऊन आली.
तक्त्यात याला रकाना नाही.

ठिपका उडवला. उणे शून्य पॉइंट सात नऊ.
रेघ खरंच देखणी बसली.

इक्बालभाई चहाला गेले
तेव्हा परत ठेवला.