गेरूची खूण

धर्मा मासुळे, वय अडुसष्ट, रात्रीपासून उपाशी.
साक्रीहून पहिल्या एसटीने धुळ्याला आला,
काठी दाराशी उभी केली, पागोटं मांडीवर.
डाव्या दंडात मी सुई घातली,
उजवा हात कोमट पेटीत.
पंप सुरू झाला:
ल्युसिन, त्यातला एक कार्बन
एका न्यूट्रॉनने जड. बाकी सगळा तसाच.

"विख त नई ना?"
नाही बाबा, नुसती खूण आहे.
असे कितीतरी तुमच्या रक्तात फिरतात,
त्यातले माझे कुठले, ते कळायला.

तो हसला.
"गेरू लावेल मेंढी."

तीन वर्षं मी हे संमतिपत्र वाचून दाखवते,
मला ते कधी इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.
खुणेच्या मेंढ्या मी एका चालीने सोडते,
बिनखुणेच्या आतून येऊन मिसळतात.
गेरू जितका विरळ दिसेल
तितकी आत मोडतोड जास्त.

दर अर्ध्या तासाला रक्त.
मग पिशवीत श्वास,
शेकोटी फुंकावी तसा.
खिडकीबाहेर पांझरा, पाण्यापेक्षा वाळूच जास्त.

दुपारी त्याने विचारलं, रोज किती मोडतं?
पाव किलो. थोडं वरच.
तेवढंच पुन्हा बांधलं जातं,
बरंचसं त्याच विटांनी.

बराच वेळ तो पेटीतल्या हाताकडे बघत राहिला.
"भाऊले मारेल व्हतं,
तो हात आते नई मंग."

मी नळी बदलली. वेळ लिहिली, एक चाळीस.

"जुनं काहीच ऱ्हात नई का?"
राहतं की, मी घाईने म्हटलं,
डोळ्यातलं भिंग. त्याच्या गाभ्यातलं प्रथिन
आईच्या पोटात बनतं,
मरेपर्यंत तेच.

"ते त शिबिरमा काढी लिन्हं," धर्माबाबा म्हणाले,
"दोन्ही डोयाना. दोंडाईचाले."

चार वाजता सुई काढली, कापूस दाबून धरला.
त्यांनी दोन केळी खाल्ली, तिसरं पागोट्यात बांधलं.
नमुने बर्फात ठेवले,
नावाच्या जागी आकडा: सतरा.

आता एसटीच्या खिडकीशी
श्वासागणिक माझा जड कार्बन सांडत असेल,
थोडा कुसुंब्याला, थोडा नेरच्या बाभळींवर.
उरलेला पोटरीत शिरला असेल.
काही दिवस चालेल तोही
मेंढ्यांच्या मागे.