आवाजाचे तीनशे कमी

मिरजोळ्यात, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून
चिऱ्याच्या चार खोल्या, वर सिमेंटचा पत्रा.
रत्नागिरीत, मारुती मंदिराच्या आसपास,
असल्याच खोलीचे साडेतीन हजार सांगत होते
आणि वर विचारत होते, एकटीच राहणार का.

खतिजाबी फणसोपकरनी तसलं काही विचारलं नाही.
म्हणाल्या, मागच्या भिंतीला कान लाव.
लावला.
पलीकडे कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर,
दिवसरात्र एकच सूर, थेट दाढेत शिरणारा.
"बावीसशे. आवाजाचे तीनशे कमी, एकोणीसशे.
लाइट सबमीटरवर. मासळी कर खुशाल,
काटे तेवढे माझ्या मांजरांचे."

मी त्याच कंपनीत कोळंबी सोलायला.
आठ तास बर्फात बोटं,
मग घरी येऊन त्याच यंत्राकडे पाठ करून झोपायचं.
पहिला आठवडा डोळ्याला डोळा नाही.
दुसऱ्या आठवड्यात चुकून मोजे त्या भिंतीवर टांगले
आणि सकाळी ते वाळलेले.

भिंत कोमट होती.
हे खतिजाबींनी भाड्यात धरलं नव्हतं.

आषाढात अख्ख्या ओळीचे कपडे माझ्या खोलीत:
घागांच्या बाळाची दुपटी,
तीन नंबरच्या बिद्याधरचा कंपनीचा शर्ट, त्याच्या खिशात
ओडियात लिहिलेली कसली तरी यादी,
खतिजाबींचा सुती दुपट्टासुद्धा, "मांजर मुतलं गो बाय" म्हणत आणलेला.
रात्री उठले तर कुणाची ना कुणाची बाही तोंडावर यायची.
लांज्याला आईला फोनवर सांगितलं, मी एकटी नाही.
ती घाबरली.

बंदी उठायला आठवडा असताना,
शुक्रवारी, रात्री पावणेदोनला
तो थांबला.

सगळे जागे झालो. आवाजाने नव्हे.
बिद्याधर दार उघडून बाहेर उभा,
चोर शिरल्यासारखा काठी घेऊन.
घागांचं बाळ रडायला लागलं आणि पहिल्यांदाच कळलं
की ते किती मोठ्याने रडतं.
कुवारबावकडून गाडीचा भोंगा आला.
आणि पुढच्या घरातून खोकला,
कोरडा, लांबलचक, न संपणारा.
इतकी वर्षं बाई अशी खोकत होती
आणि आम्ही तिला विचारलं नव्हतं.

सोमवारी गेटवर कागद. त्यावर सही कुणाची, वाचता येईना.

एक तारखेला खतिजाबी वही घेऊन आल्या.
"आता आवाज नाय."
नाही, मी म्हटलं.
"म्हंजे बावीसशे."
मला आधी हसू आलं. मग डबा उघडून मोजले.
त्या उंबऱ्यावर टेकल्या. भिंतीवर पालथा हात ठेवून
बराच वेळ ठेवूनच बसल्या,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
फक्त ताप नव्हता.

वहीत बावीसशे लिहिलं.
घेतले एकोणीसशे.
खाली, बारीक अक्षरात: तीनशे बाकी.
कुणाकडून, ते लिहिलं नाही.

बिद्याधर परवा गेला.
शर्ट ओलाच होता.
पिशवीत घालून, तोंडाला गाठ मारून नेला.