चाकोरी

एप्रिलात बर्फ सुटता सुटता
माझ्याच यंत्रानं पाडली ही चाकोरी.
आठ चाकं, पाठीवर स्प्रूसचे ओंडके,
दलदलीच्या रानात हातभर खोल गेलेली.
काल्यो म्हणाला, वोरूच्या कचेरीतून माणूस येईल,
बुजवून टाक, दंड बसेल.

बुजवणारच होतो.
उतरलो, तर पाण्यावर साबुदाण्याच्या पेजेसारखं काही,
दाण्यादाण्यात एकेक काळा ठिपका.
कुणीतरी एका रात्रीत
माझ्या चुकीला तळं समजून गेली होती.

तेव्हापासून वळसा घेतो.
रोज चाळीस मीटर जास्त, डिझेल जास्त,
काल्योला सांगितलं, तिथं जमीन धरत नाही.

ठिपक्यांचे स्वल्पविराम झाले.
पहिले काही दिवस नुसतेच चिकटून होते
गवताच्या काडीला, तोंडही न फुटलेले.
मग तोंड फुटलं आणि खा खा सुटली.
शेवाळ खरवडायचे, बर्चचं कुजकं पान खायचे,
मेलेलं भावंडही.
डबा खात खात मी बघायचो.
पोटाच्या कातडीतून दिसायचं आतडं,
घड्याळातल्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं.

जूनमध्ये आभाळ कोरडं.
चाकोरीच्या कडा भेगाळल्या,
पाणी वरून खाली नाही, कडेकडून मध्ये आटत गेलं,
आणि ती सगळी मध्यभागी, उकळीसारखी वळवळत.
मी ओढ्यावरून कॅन भरून आणू लागलो.
सकाळी एक, सुटताना एक.
अकरा दिवस.
कुणाला सांगितलं नाही. साठीचा माणूस, सांगणार काय?

बाराव्या दिवशी हेल्वे भेटली, मशरूमची टोपली घेऊन,
पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवायची.
कॅनकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.
म्हणाली, मागचे पायसुद्धा धड नाहीत अजून.
पाणी भरपूर असलं की यांना घाई नसते, आइवार.
आटायला लागलं की उरकतात.
बारकी राहतात. पण निघतात.

शुक्रवारी इथलं काम संपणार होतं.
यंत्र पोल्वाकडे, मीही.
म्हणजे अकरा दिवस मी त्यांना सांगत होतो,
वेळ आहे, वेळ आहे.

घरात सगळ्यांत बुटका मी.
बाप गेला तेव्हा सोळाचा होतो,
आठवड्याच्या आत सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टरवर बसलो.
पेडलपर्यंत पाय पोचायचा नाही, टाचेला लाकूड बांधलं होतं.
अजूनही पँट दोन बोटं दुमडून घालतो.
उरकणं म्हणजे काय ते मला
हेल्वेनं सांगायला नको होतं.

त्या रात्री कॅन उलटा करून ठेवला.

पुढच्या दोन आठवड्यांचं काय सांगू.
काम लांबलं, एवढं एक बरं झालं:
क्रेनची नळी फुटली, सुटा भाग रीगाहून यायचा होता.
पाणी ताटाएवढं झालं, मग बशीएवढं.
मागचे पाय सुटले. मग एकेकाचा डावा हात,
श्वासाच्या भोकातूनच बाहेर काढलेला,
जणू बाहीच सापडत नव्हती.
नंतर खाणं बंद.
जुनं तोंड मोडून नवं होत होतं,
स्प्रिंग उलगडून आखूड होत होती,
तेवढे दिवस शेपटीवर काढायचे.
स्वतःचीच शिदोरी.
कडेला चिखलात पुष्कळ वाळलेले,
काळ्या टाचण्यांसारखे. मोजले नाहीत.

नळी आली. यंत्र ट्रेलरवर चढलं.
काल्योनं कागद पुढे केला,
चाकोरीपुढच्या चौकोनात मी लिहिलं: बुजवली.
बुटाची नाडी बांधायला वाकलो
तर नाडीवर एक,
नखाएवढं,
मागं शेपटीचा राहिलेला तुकडा.
गळ्याखाली काहीतरी धडधडत होतं.

काल्यो हॉर्न वाजवत होता.
मी नाडी तशीच सुटी ठेवली.
ते कडेवर चढलं, घसरलं, परत चढलं
आणि ब्लूबेरीच्या झुडपांत गेलं,
जिकडे एकही चाक गेलेलं नाही.